टिंडेलाची बायको

तिच्या गळ्यावर एक पांढुरकी रेघ होती. अंगठा देण्यासाठी ती मेजावर वाकली तेव्हा पदर जरासा सरकला आणि मानेमागून येऊन गळ्याच्या खळीखाली उतरणारी ती रेघ मला दिसली. बाकीची कातडी उन्हाने रापून विटेच्या रंगाची झालेली, आणि मध्येच ही दोऱ्याएवढी कोवळी वाट. ती जिथे संपत होती तिथे शेजारी शेजारी दोन फिके ठिपके. माझ्या चिमटीत तिचा अंगठा होता. आमच्या कचेरीची पद्धत अशी, की बाईने आपला अंगठा आपण टेकवायचा नाही. कारकुनाने तो धरून आधी शाईवर आणि मग कागदावर लोळवायचा. मी तो शाईपर्यंत नेला आणि तिथेच थांबलो.

"काय हो बीएस्सी, अंगठा घेताय की नाडी बघताय?" पलीकडच्या खुर्चीवरून मुख्य कारकून आबासाहेब म्हणाले. दारातला शिपाई हसला. बाईने मोकळ्या हाताने पदर गळ्याभोवती ओढून घेतला. मग आबासाहेबांनी नेहमीचे प्रश्न विचारले. कुणाची कोण? तिने रांगेतल्या मागच्या बाईकडे पाहिले. मागची, वैरागकडची केराबाई, तिच्या वतीने म्हणाली, "ज्ञानू टिंडेलाची. तानाबाई. जेऊरची."

"पाट लावला नाहीस ना गं?"

"न्हाय जी."

"राहतेस कुणाकडं?"

"दिराकडं."

"नाव?"

ती पुन्हा मागे वळली आणि पुन्हा केराबाईच म्हणाली, "हरिबा."

"दीर तो दीरच आहे ना?"

"दीरच की," तानाबाई म्हणाली. हे तिने पाढा म्हणावा तसे म्हटले. मी अंगठा उठवला. जाताना तिने काखेतले घोंगडे मेजाच्या पायाशी ठेवले. ते ती विसरली आहे असे कुणालाच वाटले नाही. शिपायाने ते उचलून आतल्या कपाटात टाकले, आणि खोलीत आधीच भरून राहिलेल्या लोकरीच्या वासात आणखी थोडा वास मिसळला.

त्या वर्षी मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो होतो. प्रयोगशाळेत जागा नव्हती. वडिलांनी आबासाहेबांकडे शब्द टाकला आणि मी या पेन्शन-कचेरीत चिकटलो. चौदा सालची लढाई संपून दहा वर्षे झाली होती, पण लढाईत मेलेल्यांची कचेरी चालूच होती. पलटणीतल्या मयतांच्या बायका एका खिडकीशी, आणि दर्यावर मेलेल्यांच्या, म्हणजे लस्कर, टिंडेल, सुकाणी, सारंग अशांच्या, माझ्या खिडकीशी. सोलापुरात समुद्र नाही. तरी दर तिमाहीला माझ्यासमोर दर्यावर्दींच्या विधवांची रांग लागे आणि त्यातल्या बहुतेकींनी सिद्धेश्वराच्या तळ्याहून मोठे पाणी पाहिलेले नसे. पहिल्या आठवड्यात मला याची गंमत वाटली. गंमत वाटली की मी वाचायला घेतो. कपाटावर धूळ खात पडलेले नियमांचे छापील पुस्तक मी तेव्हाच वाचून काढले होते, कुणी सांगितले म्हणून नाही, तर ज्या यंत्रापुढे बसायचे त्याची रचना ठाऊक असावी म्हणून. त्यात दर्जांचा तक्ता होता: सारंग म्हणजे पलटणीतला हवालदार, टिंडेल म्हणजे नाईक, लस्कर म्हणजे शिपाई. मला तो आवडला होता. रसायनशास्त्रात एका मूलद्रव्याचे दुसऱ्याशी तुल्यभार असतात तसा.

पण रेघ. दुपारभर मी अंगठे लोळवत राहिलो आणि गळे पाहत राहिलो. कातडी ही फोटोच्या काचेसारखी असते, फक्त फार सावकाश. ज्या भागावर ऊन पडते तो काळवंडतो, ज्यावर वस्तू ठेवलेली असते तो कोरा राहतो, आणि वस्तू उचलली तरी तिचा आकार मागे राहतो. ती वस्तू कालपर्यंत तिथे होती, नाहीतर आज ही रेघ इतकी स्वच्छ राहिली नसती. हे मला शिकावे लागले नव्हते. मी नऊ-दहा वर्षांचा असताना माझ्या थोरल्या बहिणीचा, गुरक्काचा, नवरा तापाच्या साथीत गेला. ती एकोणीस वर्षांची होती. माहेरी आली तेव्हा तिच्या गळ्याभोवती अशीच एक रेघ होती. आम्ही दोघे गच्चीवर ज्वारी राखत बसायचो, ती गुडघ्यांत हनुवटी घालून, आणि मी तिच्या मानेकडे बघत. रेघ रोज होती तशीच दिसायची, आणि तरी दिवाळीपर्यंत ती पुसट झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात कुठे होती ते बोटाने दाखवताही येईना. एकदा मी दाखवायला गेलो तर तिने माझे बोट धरून बाजूला केले. "साकु," ती कानडीत म्हणाली. पुरे. गुरक्काची माहिती माझ्याजवळ इतकीच आहे: विधवेच्या गळ्यावरची रेघ एका उन्हाळ्याच्या पलीकडे टिकत नाही. आणि ज्ञानू टिंडेल मरून अकरा वर्षे झाली होती.

शिवाय ते नाव. मेलेल्या नवऱ्याचे नाव ती घेणार नाही, हे सरळ आहे. पण धाकट्या दिराला भावजय नावानेच हाक मारते. अरे हरिबा, शेरडं सोड, अरे हरिबा, जेवायला ये. ज्याचे नाव घेता येत नाही तो दीर नव्हे. हे आबासाहेबांना कळत नव्हते असे नाही. वयाच्या तिशीपासून ते या बायकांचे अंगठे पाहत आले होते. त्यांना ते कळत होते, म्हणूनच तर ते प्रश्न इतक्या आरामात विचारत होते. कपाट घोंगड्यांनी भरले होते. माझ्या खुर्चीवरही एक घोंगडे होते, कामावर पहिल्या दिवशी "बूड दुखेल" म्हणून आबासाहेबांनी स्वतःच्या हाताने घातलेले. ते उबदार होते आणि मी त्यावर बसून हा सगळा विचार करत होतो.

रांग संपल्यावर मी पुस्तक उघडून त्यांच्यासमोर धरले. विधवेने पुन्हा लग्न केले तर पेन्शन बंद. त्याच्याच खालच्या ओळीत: मात्र लग्न मयताच्या सख्ख्या भावाशी झाले असल्यास बंद होत नाही. दोन्ही ओळी एकाच पानावर, एकाच टाइपात.

आबासाहेबांनी चष्मा कपाळावर नेला. "ते पंजाबातल्या लोकांसाठी हो. त्यांच्यात भावजयीवर चादर घालतात. साहेबाला त्यांचे शिपाई हवे होते, म्हणून लढाईच्या धांदलीत घातलं ते कलम."

"पंजाबचं नाव नाही त्यात."

"आणि हे पलटणीचं. टिंडेल म्हणजे काय पलटण झाली? टिंडेल म्हणजे बोटीवरचा हमाल."

"तक्त्यात टिंडेल म्हणजे नाईक."

"तक्त्यात!" ते शिपायाकडे पाहून हसले. "ऐकलंस का रे? आमचे बीएस्सी आगबोट घेऊन आलेत."

"पण आबासाहेब, पलटणीचं कलम टिंडेलाला लागत नसेल, तर लग्न केल्यास बंद हे तरी कसं लागतं? तेही पलटणीचंच आहे. एकाच वाक्याचा वरचा अर्धा भाग लागतो आणि खालचा लागत नाही?"

बाहेर गिरणीचा भोंगा वाजला आणि तो संपेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग पुस्तक मिटून त्यांनी स्वतःच्या पानाच्या डब्याखाली ठेवले. "हुशार आहात. सिद्धलिंगप्पांना सांगा, मी आठवण काढली होती." शब्द एवढेच. पण घरी जाण्यासाठी उठलो तेव्हा माझे पाय जड झाले होते, आणि मला स्वतःचा राग आला तो याचा, की एका माणसाने वडिलांचे नाव घेतले एवढ्याने पायांचे वजन बदलते.

मी तळ्याच्या बाजूने निघालो. ऑक्टोबरचे ऊन उतरत होते तरी दगड तापलेले होते. पायऱ्यांवर सात-आठ बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यात ती होती. तिच्यामागे एक उंच, वाळका धनगर उभा राहून तिच्या मानेवर दोरा बांधत होता. काळे मणी, आणि मध्ये डोरल्याच्या दोन वाट्या. सकाळी हाच माणूस कचेरीसमोरच्या लिंबाखाली परक्यासारखा बसला होता. ती बाहेर आली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलेही नव्हते. दुसऱ्या पायरीवर केराबाई आरशाच्या तुकड्यात बघून कुंकू लावत होती. मला पाहून सगळ्यांचे हात थांबले. त्या धनगराचेही. हरिबा तो हाच. पण त्याने दोरा सोडला नाही.

"घाबरू नका," मी म्हणालो. हे म्हणणे मूर्खपणाचे होते.

"घाबरतंय कोन?" तानाबाई म्हणाली. "सकाळी गळा बघितला, आता काय ऱ्हायलं बघायचं? आतल्या कपाटात जागा हाय का अजून, का त्या खुर्चीवाल्या रावसायबांनी तुमाला बकरं मागाय धाडलंय?"

मी तिला नियम सांगितला. दिराशी पाट लावला तर पेन्शन बंद होत नाही. लपवायचे काही कारण नाही, कधीच नव्हते. मी तो दोनदा सांगितला, कारण पहिल्यांदा कुणाच्या चेहऱ्यावर काही हलले नाही. दुसऱ्यांदा केराबाईने आरसा खाली ठेवला; तिचाही पाट दिराशीच लागला होता.

"कंदीपासनं हाय ह्यो कायदा?" हरिबाने विचारले.

"लढाई चालू होती तेव्हापासून."

"म्हंजी आमी पाट लावला तवा होता?"

"होता."

गाठ मारून झाली होती तरी त्याची बोटे तिच्या मानेवरच राहिली. तानाबाई मात्र हसायला लागली, आणि ते हसणे मला ऐकवेना. "माजी पोरगी," ती म्हणाली, "पाच वर्सांची हाय. कचेरीचा मानूस गावात आला की ह्यास्नी काका म्हनायचं, आसं शिकवलंय तिला. आता ती येरवी बी काकाच म्हनती. जीब वळलीया." मग एकदम माझ्याकडे वळून, "आन तुमी वो? तुमी शिकल्यालं. तुमाला ठावं होतं, तर सकाळी अंगठा धरून गप का बसला?"

सकाळी मला ते जोडता आले नव्हते, हे खरे होते. पण खरे सांगूनही ते उत्तर झाले नसते. मी विचारले, ज्ञानू बोटीवर कसा गेला? विषय बदलायचा म्हणून नाही. मला खरोखरच ते जाणून घ्यायचे होते. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पाण्याकडे. तो पलटणीच्या खेचरांमागे जायचा म्हणून जेऊरच्या ठेसनावर गाडीत चढला होता. बसऱ्याला उतरल्यावर खेचरे दुसरीकडे गेली आणि ह्याला नदीतल्या आगबोटीवर टाकले. लस्कर. नदी गढूळ, तळ दिसत नाही, बोट सारखी वाळूत रुतायची. "पुढं हुबं ऱ्हाऊन काठीनं पानी मोजायचं काम. आता धनगराला काठीनं पानी मोजायला काय शिकवायचं? भीमा उतरताना मेंढरांम्होरं हेच करतो की आमी. काठीला गाळ लागला का वाळू, हाताला कळतं. सायेबानं बघितलं आन टिंडेल केला."

"टिंडेल म्हणजे?"

"म्हंजी दा मानसांचा म्होरक्या. हितं दीडशे मेंढरांचा होता, तितं दा मानसांचा झाला. उतरलाच की!" बायका हसल्या. हरिबाही हसला. "मंग एक डाव बोट रुतली ती निगंना, आन वरनं गोळा पडला. काठी हातातच हुती म्हनं." तिने पदराने कपाळ पुसले. "रावसायेब त्येला खलाशी म्हनत्यात. टिंडेल म्हना, म्हनलं एकदा. तर म्हनले, मेल्यावं काय टिंडेल आन काय लस्कर. तुमच्या त्या कागदात काय लिवलंय?"

"टिंडेल लिहिलंय. टिंडेल म्हणजे नाईक."

"नाईक," ती हरिबाला म्हणाली, जणू भावाची ख्याली-खुशाली भावाला कळवत होती. मग उठली आणि पायरी चढून माझ्यासमोर आली. "एक इचारते. फुडल्या येळंला मी हे घालून आले, आन त्या मानसाच्या तोंडावर व्हय म्हनले, तर तुमी व्हय लिवनार का न्हाय लिवनार? कायदा ऱ्हाऊ द्या. कायदा इतकी वर्सं हुताच. लिवनार कोन? तुमचाच हात की."

मी "लिहीन" म्हणालो. तिने मान हलवली नाही. "बसायला हाय नव्हं घोंगडं तुमाला? काळं, लाल किनारीचं? किनार ह्येंच्या हातची हाय ती," ती म्हणाली, आणि खाली उतरून आपल्या बोचक्याशी गेली.

त्यानंतरचे तीन महिने मी एका गोष्टीचा शोध घेत होतो: इतके साधे वाक्य इतकी वर्षे कुणाच्याच कानावर का पडले नाही. ते लपवलेले नव्हते. पुस्तक कपाटावर होते, कपाटाला कुलूप नव्हते. आबासाहेबांना खोटे बोलण्याची गरजच पडली नाही. ते फक्त प्रश्न विचारत. प्रश्न असा विचारायचा की समोरच्याला वाटावे, होय हा गुन्हा आहे. पाट लावला नाहीस ना? त्या 'ना'मध्ये सगळी कचेरी होती. त्या बायका गावात कुणापासून काही लपवत नव्हत्या. पाट त्यांच्यात उजळ माथ्याने लागतो, गूळ वाटून. त्या लाजत होत्या ते फक्त आमच्या दारात. तळ्यावर डोरले काढायचे, कनवटीला बांधायचे, आमच्यासमोर विधवा व्हायचे आणि परत जाऊन बांधायचे. वर्षातून चार वेळा त्या नवऱ्याला मारत होत्या, आणि तो नवरा लिंबाखाली बसून आपले मरणे संपायची वाट पाहत होता. कधी कधी अंगठा लोळवताना मला वाटे की आपण शाई लावत नसून पुसत आहोत.

घरी वडिलांनी एकदाच विषय काढला. "आबासाहेबांनी तुला माझ्या शब्दावर घेतलाय," ते जेवताना म्हणाले. "नियम असतात. पण माणसाचा शब्दही असतो." मी म्हणालो, माझाही एके ठिकाणी गेला आहे. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि विचारले नाही की कुठे. वाढायला गुरक्का होती. तिने सगळे ऐकले. नंतर मी हात धुवत असताना ती मागे येऊन उभी राहिली आणि सगळी हकिगत विचारून घेतली, दोऱ्यासकट, लिंबासकट. मी सांगत असताना तिचा हात गळ्याशी गेला होता आणि तिला ते ठाऊक नव्हते. मला वाटले ती विचारेल, तुझ्या पुस्तकात माझ्यासारखीसाठी काय आहे? काही नव्हते. तिचा नवरा लढाईत नव्हे, तापाने गेला होता, आणि आमच्या घरात पाटाचे नाव कुणी काढले नव्हते, मीसुद्धा नाही. पण तिने ते विचारले नाही. "बरी," ती कानडीत म्हणाली. लिही. आणि तांब्या उचलून आत गेली.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली होती. सकाळपासून रस्त्यात धूळ आणि पिपाण्यांचा आवाज. मी लवकर जाऊन खुर्चीवरचे घोंगडे घडी करून कपाटात ठेवले. लाकूड थंड होते. आबासाहेबांनी ते पाहिले आणि पान लावत राहिले. पुस्तक अजून त्यांच्या डब्याखाली होते. मला त्याची गरज नव्हती. ते पान मला पाठ होते.

ती आली तेव्हा आधी आवाज आला. जत्रेत भरलेला हिरवा चुडा, कोपरापर्यंत. मग ती खिडकीशी आली. कपाळाला कुंकू, आणि गळ्यात पदरावर काढलेले डोरले, त्याच्या वाट्या नेमक्या त्या दोन ठिपक्यांच्या जागी. शिपाई दारातून आत आला. मी तिचा अंगठा धरायला हात पुढे केला तर तिने तो दिला नाही; आधी आबासाहेबांकडे पाहत उभी राहिली. प्रश्न येऊ दे, असे.

आबासाहेब जुने होते. त्यांनी आवाज बदलला नाही. "पाट लावला नाहीस ना गं?"

"लावलाय की."

"काय?"

"लावलाय म्हनलं. सात वर्सं झाली. गूळ वाटला तवा तुमाला धाडाय पायजे हुता, चुकलं."

रांगेत कुणीतरी हसू दाबले. आबासाहेबांनी तोंडातले पान एका गालात सारले. "पेन्शन बंद होईल. कळतंय का तुला काय बोलतेस ते? चनबसप्पा, लिहा: नाही. तिचं डोकं फिरलंय जत्रेत."

मी लिहिले: होय. अक्षर वाईट आले, पण शब्द वाचता येत होता. मग मी ते कलम म्हणून दाखवले, मोठ्याने, मराठीत, मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या बाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. लग्न मयताच्या सख्ख्या भावाशी झाले असल्यास बंद होत नाही. टिंडेलाला लागू. लस्कराला लागू. सारंगाला लागू. सगळ्या दर्जांना लागू.

"ऊठ," आबासाहेब म्हणाले. तोपर्यंत ते मला नेहमी अहो-जाहो करत. "खुर्चीवरून ऊठ आधी. ही खुर्ची तुझ्या बापाला विचारून दिली होती."

"रांग संपली की उठतो," मी म्हणालो. हे माझ्या तोंडून गेल्यावर मला आश्चर्य वाटले ते एवढ्याचेच, की पायांचे वजन बदलले नाही. मी टाक पुढच्या रकान्यावर नेला. "बाई, कुणाशी लावलात? नाव सांगा."

ऑक्टोबरात याच प्रश्नाला ती मागे वळली होती. आता ती वळली नाही. हनुवटी वर करून तिने दोघांकडे पाहिले, आबासाहेबांकडे आणि माझ्याकडे.

"नवऱ्याचं नाव मी घेत न्हाय," ती म्हणाली.

खिडकीबाहेर लिंबाखाली तो उभा राहिलेला मला दिसला. मुंडासे नीट केले, काठी घेतली आणि अंगण ओलांडून आला. रांगेतल्या बायकांनी वाट दिली. उंबऱ्याशी त्याने सवयीने खाली पाहिले, मग तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, इतका जवळ की चुड्याला काठी लागून आवाज झाला. "हरिबा," तो म्हणाला. कुणी विचारण्याआधी पुढचेही म्हणाला. "ज्ञानू टिंडेलाचा सख्खा भाऊ. हिचा नवरा."

मी ते सगळे लिहिले. टिंडेल हा शब्द रकान्यात मावत नव्हता, तो मी समासात नेला. मग तिने अंगठा माझ्या हातात दिला नाही. स्वतःच शाईवर दाबला, स्वतःच कागदावर टेकवला, जरा जास्त जोराने. ठसा पसरला. तरी ठसा होता.

आबासाहेब उभे राहिले होते. साहेबांकडे जातो, असे काहीतरी ते म्हणाले, पण गेले नाहीत. दाराकडे जायची वाट रांगेतून होती. "पुढची," ते शेवटी ओरडले. सवयीने.

पुढची केराबाई होती. ती पुढे आली नाही. तिने कनवटीची गाठ सोडली, मुठीत धरलेला काळा दोरा मोकळा केला आणि मान खाली घालून तो मागे बांधायला लागली. तिच्यामागच्या बाईनेही कनवटीला हात घातला. केराबाईला गाठ जमत नव्हती, हात मागे पोचत नव्हते. तानाबाई जाता जाता थांबली आणि तिच्या मागे जाऊन तिचा दोरा हातात घेतला.

मी टाक दौतीत बुडवला आणि गाठ बसेपर्यंत थांबलो.